दाव हात

बाई, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली हे मोजायचं मी सोडून दिलंय. पण परवा लातूरला जे घडलं ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगावंसं वाटेना.

उमरीच्या शाळेत तुम्ही आम्हा पोरींना खो-खो शिकवायच्या. शिट्टीच्या आधी तुमची एक तपासणी असायची. आम्ही ओळीनं उभ्या, उजवा हात पुढं, आणि तुम्ही एकेकीचा हात धरून नाकाशी न्यायच्या, हुंगायच्या. भाकरी-कालवणाचा वास आला तर मैदानात, नाही आला तर निंबाखाली. "पोटात काय न्हाई अन् पळायला आलीस व्हय गं? सकाळचा जाळ पेटला न्हाई तर दिवसभर नुसता धूर निघतोय बघ." मास्तरीण आहे की मांजर, म्हणून गाव तुम्हाला हसायचं. तुम्हीही हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणायच्या, "दाव हात."

माझं गणित वेगळं होतं. पोट रिकामं तर पाय हलके, असं मीच ठरवून टाकलेलं. शिवाय आमच्या घरात आधी रानात जाणाऱ्यांची न्याहारी, मग पोरींचं बघू. एक दिवस निघता निघता मी लसणाच्या चटणीत बोटं बुडवली आणि ऐटीत ओळीत येऊन उभी राहिले. तुम्ही हात हुंगता, उलटा करता, नखं बघता. "वास हाय गं, पर नखात भाकर न्हाई." आता सगळ्यांसमोर आपली खरडपट्टी निघणार, असं मला वाटतं. तुम्ही मला निंबाखाली बसवता, स्वतःचा डबा उघडता आणि अर्धी भाकरी मोडून माझ्या हातावर ठेवता. "खा. मग हुंगते." लाजेनं माझी मान वर होत नव्हती, पण भाकरी मात्र बघता बघता संपली.

ही गोष्ट मी माझ्या लेकीला लहानपणापासून इतक्यांदा सांगितली की तिला पाठ झाली. ती आता लातूरला हॉस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करते. मी रोज फोनवर विचारते, "खाल्लंस का?" ती म्हणते, "हो गं आई." फोनमधून वास येत नाही, बाई. दिवाळीला आली तेव्हा चेहरा उतरलेला. सकाळी ताट पुढं केलं की म्हणायची, भूकच लागत नाही, आणि उपाशी राहिलं की चरबी जळते, सगळ्याच मुली करतात. संध्याकाळी मात्र फरसाणाचा डबा मांडीवर घेऊन बसायची आणि तो संपला की स्वतःवरच चिडायची. मग एक दिवस ती क्लासमध्ये चक्कर येऊन पडली. तेसुद्धा मला तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. इथं नांदेडला दवाखान्यात आहार सांगणाऱ्या मॅडम आहेत, त्यांना जाऊन भेटले. त्या म्हणाल्या, न्याहारीनं अंगातला जाळ वाढतो असं छातीठोक सांगता येत नाही. म्हणजे तुमचं ते धुराचं थोडं कच्चंच निघालं, रागावू नका. पण सकाळी रोज गप्प बसवलेली भूक हळूहळू सकाळी यायचीच बंद होते आणि संध्याकाळी दुप्पट होऊन वसुलीला येते, असं त्यांनी पुष्कळ मुलींमध्ये पाहिलंय. वाढत्या वयात, एवढ्या अभ्यासात तर अंग साथच सोडतं म्हणे.

रविवारी पहिल्या गाडीनं लातूर गाठलं. लेक जिना उतरून आली. मी काही बोलायच्या आत तिनंच हसत उजवा हात पुढं केला. लसणाचा घमघमाट! मीच दिलेली चटणी. क्षणभर फार बरं वाटलं. मग मी तो हात उलटा केला. नखं कोरडी, स्वच्छ. रागानं तोंडात आलेलं सगळं तसंच गिळलं. किती बारीक झालं होतं मनगट! आणि तेव्हा कळलं बाई, तुम्ही नुसता वास घेत नव्हता. घरी कुणी आमचा हात असा धरायचं नाही. तुम्ही रोज सकाळी एकेकीचा धरायच्या.

मी पायरीवर डबा उघडला, भाकरी मोडली. ती घेईना. रडवेली होऊन म्हणाली, "खरंच जात नाही गं खाली." मग एकदम तिनं माझा हात ओढला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघत राहिली. "आई, याला नुसता बसच्या दांडीचा वास येतोय. तू उपाशी आलीस?"

पहाटेपासून पोटात चहासुद्धा नव्हता, आणि निघाले होते लेकीला शिकवायला. तिनं माझ्याच डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. "तू खा, मग मी खाते." मी एक घास खाल्ला, तिनं एक. मग दुसरा. तिचं सगळं एका भाकरीनं सुधारेल इतकी मी भोळी नाही. पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे.

पण तुम्हाला म्हणून सांगते, हसू नका. निघताना तिनं माझा हात दोन्ही हातांत धरून पुन्हा हुंगला होता. तो मी नांदेड येईपर्यंत धुतला नाही.