तक्रार क्रमांक चारशे बारा

टोलेडो, ओहायो
९ ऑक्टोबर १९५६

सौ. रोझालियाताईस धाकट्या विल्माचा नमस्कार. लेकीच्या बाळंतपणासाठी रजा घेऊन गेलीस, ती आणि नवं बाळ सुखरूप असल्याचं कळलं. तुझे गुडघे कसे आहेत ते मात्र तू लिहिलं नाहीस. भावोजींबद्दल कानावर काही आलं असेल तर ते खरं आहे, पण आधी माझं ऐक.

कारखान्यात आपल्या खात्यातल्या बायकांच्या शौचालयाला दार नाही, हे तुला ठाऊकच आहे. (आपण दोघी आळीपाळीने कोट धरून उभ्या राहायचो.) सदतीस साली भावोजींनी यंत्रं बंद पाडून संध्याकाळच्या आत दार लावून घेतलं असतं. तेच भावोजी आता युनियनचे अध्यक्ष! ऑफिसात गालिचा, गळ्यात टाय, आणि करार संपेपर्यंत संप करणार नाही असं कंपनीला लिहून दिलेलं. म्हणून मी तीन प्रतींत तक्रार केली, क्रमांक चारशे बारा. ती चौदा महिने या टेबलावरून त्या टेबलावर फिरतेय. गेल्या मंगळवारी विचारायला गेले तर म्हणाले, "विल्मा, तक्रार चौथ्या पायरीवर आहे, धीर धर." मी म्हटलं, "धीर धरीन हो, बाकीचं कसं धरू?"

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत आम्ही सहाजणी पाने-पेचकस घेऊन युनियनच्या ऑफिसात गेलो आणि तिथल्या शौचालयाचं दार बिजागऱ्यांसकट काढायला लागलो. (भावोजी आत आहेत हे आम्हाला माहीत नव्हतं. शपथ.)

"कोण आहे?"

"चारशे बारा!"

"अगं, लेखी दे!"

"चौदा महिन्यांपूर्वीच दिलंय!"

दार डोक्यावर घेऊन भर रस्त्यातून आलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने टोपी काढली. दोन इंच मोठं निघालं, रंधा मारून बसवलं. आता कंपनीने मला तीन दिवस घरी बसवलंय आणि युनियनने चौकशी लावलीय. लावू देत. मी माफी मागणार नाही, आणि दार तर मुळीच परत देणार नाही.

तुझीच,
विल्मा

ता.क. तू नाहीस म्हणून भावोजी रोज माझ्याकडेच जेवतात. कोबीच्या गुंडाळ्या दोनदा मागून घेतात आणि माझ्याविरुद्धचा चौकशीचा मसुदा माझ्याच टेबलावर लिहितात. शुद्धलेखन मी तपासते.

ता.क. २ युनियनच्या निवडणुकीत मी अध्यक्षपदाला उभी राहतेय, भावोजींविरुद्ध. आज जेवताना त्यांना सांगून टाकलं. त्यांनी ताटातली गुंडाळी संपवली. मग म्हणाले, "अर्जाला पंचवीस सह्या लागतात. तुझ्या तेवीसच आहेत." आणि दोन नावं सुचवली. त्यांतलं एक तुझं आहे. कागद सोबत जोडलाय, उलट टपाली पाठव.