सोमवारी सरकारी रेड

९ एप्रिल १९४२, गुरुवार

पेपरात आलंय, विशाखापट्टणला बॉम्ब पडले. मुंबई रिकामी होतेय. कल्याणहून येणारी मोटार टपापर्यंत भरलेली. वर ट्रंका, पाळणे, एक तुळशीची कुंडी. आता मुरबाडनेही तयारी केली पाहिजे. कोण करणार? मीच. बावीस वर्षं कचेरीच्या ओट्यावर बसून लोकांचे अर्ज लिहितोय. तालुक्यात माझा शब्द चालतो.

उद्यापासून पहाटे पाचला उठणे. दोन मैल चालणे. जपानचा नकाशा पाठ करणे.

११ एप्रिल, शनिवार

साडेसातला उठलो. नकाशा मिळत नाही.

मुंबईहून कुंडलिक आला. शाळेत माझ्याबरोबर होता, पुढे गिरणीत गेला. बॉम्बला भिऊन पळून आला, सरळ गोष्ट आहे. पण येताना डोक्यावर लोखंडी टोपी आणि गळ्यात शिट्टी! गिरणीत म्हणे ए.आर.पी.चं ट्रेनिंग घेतलं, हवाई हल्ल्यात लोकांना वाचवायचं. अख्खी पेठ त्याच्याभोवती. मी ओट्यावर एकटा. पळून आला त्याचा सत्कार, आणि जो इथेच बसून होता त्याला कुणी चहासुद्धा विचारत नाही.

घरी सांगितलं तर सरस्वती म्हणते, कुंडलिकभावजींना टोपी शोभते हो. बायको माझी, कौतुक त्याचं! रागाने जेवलो नाही. म्हणजे भात घेतला नाही. भाकरी खाल्ली.

१४ एप्रिल, मंगळवार

मामलेदारांनी बोलावलं, मला आणि कुंडलिकला. तालुक्याला एक हेड वॉर्डन नेमायचाय. सरकारी टोपी, दंडाला पट्टा. मी चार पानी अर्ज नेला होता. कुंडलिक नुसता म्हणाला, करीन साहेब. मामलेदारांनी ठरवलं, सत्तावीस तारखेला, सोमवारी, दोघांनीही लोकांकडून ड्रिल करून दाखवायचं. कुंडलिकने मुरबाडात आठला, मी धसई गावात दहाला. ज्याचं चांगलं तो हेड वॉर्डन.

सरस्वतीला सांगितलं, ती टोपी आता या घरात येणार. तांदूळ निवडता निवडता ती फक्त हं म्हणाली. लग्नाला अठरा वर्षं झाली, हा हं ऐकतोय. या हंचा आता निकाल लावायचा.

१७ एप्रिल, शुक्रवार

परसात खंदक खणायला घेतला. दीड हात झाला आणि कंबर धरली. दीड हात पुरे आहे. आडवं झालं की माणूस मावतो. मी मावत नाही, पण मी वॉर्डन म्हणून उभाच राहणार.

कुंडलिकने देवळामागे छातीइतका खणून घेतला. लोक हसतखिदळत खणत होते. असा खंदक काय कामाचा?

१९ एप्रिल, रविवार

सरस्वतीने खंदकात शेणखत टाकलं. तिला वाटलं, भोपळ्यासाठी आळं केलंय.

२० एप्रिल, सोमवार

आळीत ब्लॅकआउट जाहीर केला. शंभर टक्के यशस्वी. कुणाकडे घासलेट नाही हे खरं, पण यश ते यश.

२३ एप्रिल, गुरुवार

कुंडलिक घरोघर फिरतोय. चुलीपाशी बसतो, बायकांना सांगतो बॉम्ब म्हणजे काय, कानात कापूस कसा घालायचा. सरस्वतीने त्याला कैरीचं पन्हं दिलं. मला विचारलंही नाही.

माझी पद्धत वेगळी. धसईसाठी दवंडीचा मजकूर लिहिला: 'सोमवारी सकाळी दहा वाजता धसईस सरकारी रेड येणार. तरी सर्वांनी जय्यत तयारीनिशी हजर राहावे. कसूर होता कामा नये.' एक शब्द जास्त नाही.

दवंडीवाला सुक्या म्हणाला, दादा, रेड म्हंजे काय वो? म्हटलं, इंग्रजी शब्द आहे, तुला कळायची गरज नाही, लिहिलंय तसं ओरड. तो म्हणाला, मला वाचता नाय येत, तुमी तोंडी सांगा. तोंडी सांगितलं. त्याने दोनदा मान डोलावली. माझं सांगणं कुणालाही पटकन कळतं.

२७ एप्रिल, सोमवार. सकाळी सव्वानऊ, धसई

काय गर्दी! शहापूर तालुक्यातनं, शेणव्याकडूनसुद्धा दोघे आलेत, कालच निघाले होते. आणि प्रत्येकाच्या हातात दोरी, दोरीला म्हैस. बॉम्ब पडणार म्हटल्यावर आधी जनावर वाचवायचं, हे यांना न सांगता कळलं. याला म्हणतात मजकूर! कुंडलिकच्या ड्रिलला एक शेळी तरी आली असेल का?

म्हशी धुतलेल्या, शिंगांना तेल लावलेलं. हे जरा नवल वाटलं.

त्याच दिवशी, दुपारी चार

घडलं ते लिहून ठेवतो. पुढे कुणी भलतंसलतं सांगेल.

साडेनऊला गोमा नावाचा म्हातारा जवळ आला. म्हणाला, रावसाहेब, कुठशी हाय? म्हटलं, कोण? म्हणाला, रेडा. म्हटलं, कसला रेडा? तर म्हणाला, सरकारी रेडा येनार, अशी दवंडी झाली नाय का? सुरती हाय का दिल्लीकडचा?

सरकार गाईंसाठी चांगल्या जातीचे वळू पाठवतं, तसा म्हशींसाठी रेडा पाठवतंय, असं साऱ्या मुलखाला वाटलेलं.

रेड म्हणजे विमानातून पडणारे बॉम्ब, असं ओरडून सांगितलं. लहानी म्हणून एक बाई कमरेला पदर खोचून पुढे आली. म्हणाली, झुंजूमुंजू झाल्यापासनं म्हशीला वढीत आनलीय, नि तुमी बॉम सांगता व्हय रे? रेडा दावा आदी!

तेवढ्यात मामलेदारांची कोळशावरची मोटार धूर ओकत आली. रेडा हिच्यातनंच आला असं समजून लोकांनी तिला गराडा घातला. दार उघडून मामलेदार उतरले. बायडी नावाच्या आजीने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि काय विचारलं ते लिहिण्याजोगं नाही. म्हशीसुद्धा बिथरल्या.

मोटारीत कुंडलिकही होता. आठचं ड्रिल उरकून माझं बघायला आला होता, दुसरं काय! तो मोटारीच्या पायरीवर चढला. म्हणाला, बायांनो, रेडा नाय आला, पन आलाच हात तर आपला नि म्हशीचा जीव कसा वाचवायचा ते बघून जा. शिट्टी वाजवली. म्हशी आंब्यांखाली बांधायला लावल्या, माणसं बांधाआड पालथी झोपवली, कानात बोटं घालायला लावली. लहानीसुद्धा हसत पालथी झाली. पाव तासात सगळं झालं. मामलेदार म्हणाले, जनावरांसकट ड्रिल मी जिल्ह्यात पहिल्यांदा पाहिलं.

जनावरं कुणी जमवली? मी. कुंडलिकने फक्त शिट्टी वाजवली.

२८ एप्रिल, मंगळवार

सरस्वतीला सांगितलं, मामलेदार खूश झाले. ती म्हणाली, रेड्याचं काय झालं म्हणे? पाणवठ्यावर भलतंच बोलतायत. म्हटलं, जळतात लोक. कुणाचं चांगलं काही बघवत नाही त्यांना. ती प्रथमच हं म्हणाली नाही. नेमणूक माझीच होणार.

४ मे, सोमवार

हुकूम निघाला. हेड वॉर्डन कुंडलिक. घरी अजून सांगितलं नाही.

संध्याकाळी सरस्वती परसात भोपळ्याला पाणी घालत असताना तो स्वतः घरी आला. ओटीवर बसला. म्हणाला, राघोभाऊ, उद्या सकाळी कबुलीचा अर्ज द्यायचाय, तुझ्यावानी मजकूर तालुक्यात कुनाला जमत नाय. चेहऱ्यावर चेष्टा दिसते का ते नीट पाहिलं. नव्हती. तेच जास्त झोंबलं. नाही म्हणणार होतो. पण हातात टाक आला की माझं माझ्यावर चालत नाही. म्हटलं, रात्रीत लिहून ठेवतो, पहाटे ने.

तो गेल्यावर लिहिला. बावीस वर्षांतला सर्वांत चांगला अर्ज. सवयीप्रमाणे मोठ्याने वाचून पाहिला: 'हेड वॉर्डन पदावरील नेमणूक मी आनंदाने स्वीकारीत आहे. तालुक्यातील लहानथोरांच्या जिवाची जबाबदारी मी माझ्या शिरावर घेत आहे.'

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. सरस्वती हात पुसत बाहेर आली. डोळे भरलेले. म्हणाली, अहो, झालात ना शेवटी! मला मेलीला उगाच वाटायचं, तुमच्याच्यानं काही होत नाही. आणि चुलीकडे पळाली.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण तूप तापल्याचा वास आला.

शिरा फार छान झाला होता. दोनदा मागून घेतला. कुंडलिक पहाटे अर्ज न्यायला दारात येणार, त्याच्या आत तिला चार दिवस माहेरी कसं धाडावं याचा विचार करतोय.