मनकर्णाबाईच्या दारापुढची जागा

सिडको, औरंगाबाद
१३ जुलै १९९७

चि. आप्पासाहेब भावजींना,
सारजाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. पाकिटावर तुम्ही माझ्या नावाआधी काहीच लिहिलं नाही. पूर्वी सौ. लिहायचात, आता हात अडखळला असेल. गं. भा. लिहीत जा. पोस्टमनला सगळं ठाऊक आहे, आणि मलाही. माझ्या जावेला, आवडाला सांगा, मी जेवते. दोन्ही वेळा जेवते.

जूनपासून शाळा सुरू झाली आणि गल्लीत पुन्हा सकाळचा तोच तमाशा. रिक्षा, लुना, स्कूटर, एक पांढरी व्हॅन, ती तर नेहमी आडवीच उभी. बाप लोक आपल्या फाटकापुढं स्कूटर लावतात, लेकराचं दप्तर घेऊन आत जातात आणि बाहेर आले की एकमेकांशी गप्पा मारत उभे राहतात. दूधवाल्याला सायकल हातात धरून यावं लागतं. तुमचे दादा असते तर बनियनवरच बाहेर आले असते. ते रोज भांडायचे, हा काय बसस्टँड आहे का म्हणून विचारायचे. मी बाहेर आले की सगळे म्हणतात, दोनच मिनिटं काकू. त्यांची दोन मिनिटं शाळेची घंटा होईपर्यंत चालतात.

पण एक नवल सांगते. कोपऱ्यावरचं मनकर्णाबाईचं घर अगदी शाळेच्या फाटकासमोर आहे. गाडी लावायला सगळ्यात सोयीची जागा तीच. तिथं मात्र यंदा कुणी थांबत नाही. गाड्या तिथवर येतात आणि वळसा घालून पुढं जातात. बाया लेकरांना हाताला धरून पलीकडच्या कडेला ओढतात. मला वाटलं, तिनं पाटी लावली असेल. पाटीबिटी काही नाही.

तिला विचारावं तर ती माझ्याशी बोलत नाही. दहाव्याला आली ती शेवटची. उन्हाळ्यात कुरडयांना हाक मारली, दार उघडलं नाही. आम्ही दोघींनी एकाच वर्षी घरं बांधली, एकमेकींच्या विरजणावर संसार केला. माझं काय चुकलं ते कळत नाही.

म्हणून तुम्हाला विचारते. आपल्यात बायका दारातूनच मागं फिरतात. डिसेंबरात त्या सकाळी ह्यांना नेलं तेव्हा मी घरात होते. बाहेर हॉर्न वाजत होते एवढंच ऐकलं. त्या कोपऱ्यावर काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही. मडकं तुमच्या हातात होतं, तुम्ही सगळ्यांच्या पुढं होतात. खरं काय ते लिहा.

लेकरांवर जीव आहे तसा या म्हातारीवरही असू द्या.
तुमची वहिनी,
सारजाबाई


वेरूळ
२२ जुलै १९९७

ती. गं. भा. वहिनींच्या चरणी,
आप्पासाहेबाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितलं तसं लिहिलं आहे.

इकडं पाऊस बेताचा आहे, बाजरी उगवून आली. आवडा म्हणते, वहिनी दोन्ही वेळा जेवतात म्हणजे दोन्ही वेळा चहात पोळी बुडवतात. ती येऊन बघणार आहे म्हणे. तुम्ही विचारलंत ते टाळत होतो, आता सांगतो.

आपण दादांना घरातून काढलं तेव्हा नेमकी शाळा भरायची वेळ झाली. रात्रभर पाहुण्यांची वाट बघितली, त्याला इलाज नव्हता. कोपऱ्यावर आलो तर ती व्हॅन आडवी, मागं रिक्षा, तिच्या मागं स्कूटरी. पुढं जाता येईना, मागं फिरायचं तर मयत मागं फिरवत नाहीत. ड्रायव्हर लेकरांना घेऊन आत गेलेला. शाळेचा शिपाई त्याला बोलवायला पळाला. मागच्या गाड्यांना पुढं काय आहे ते दिसत नव्हतं, त्या हॉर्न वाजवत राहिल्या. खांदेकरी थकले. खांद्याला असलेला कडूबा म्हणाला, टेकवा, हात सुटतील.

तुम्हाला माहीत आहे, वाटेत तिरडी एकदाच टेकवतात. जिथं टेकली तिथं विसावा. पुढचे मागं होतात, मागचे पुढं, आणि मग थेट स्मशान. दुसऱ्यांदा टेकवता येत नाही. म्हणून कडूबानं तिथंच विसावा करून घ्यायला लावला. खांदे बदलले, पाणी शिंपडलं, तांदूळ टाकले. ती जागा मनकर्णाबाईच्या दारापुढची होती. त्या खिडकीत उभ्या होत्या. त्यांनी खिडकी लावून घेतली ते मी बघितलं. लेकरं पोहोचवायला आलेल्या निम्म्या लोकांनीही सगळं बघितलं.

मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण दादा हॉर्नच्या आवाजात रस्त्यावर ठेवलेले होते हे तुम्ही ऐकू नये असं वाटलं. आता तरी घर विकून इकडं या. पूर्वेची खोली सारवून ठेवली आहे.

वडीलकीचा हात डोक्यावर असावा.
आपला आज्ञाधारक,
आप्पासाहेब


सिडको, औरंगाबाद
१३ ऑगस्ट १९९७

चि. आप्पासाहेब भावजींना,
आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र वाचलं आणि बरेच दिवस उत्तर लिहिलं नाही. रागावले नाही. टेकवलं नसतं तर हे खाली पडले असते. मला समजायला वेळ लागला एवढंच.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी मी मनकर्णाबाईकडं गेले. दार तिच्या लेकीनं, लक्ष्मीनं उघडलं आणि आत निघून गेली. मनकर्णाबाई बोलायला लागली ती थांबेना. उन्हाळ्यात जालन्याचे पाहुणे लक्ष्मीला बघायला आले होते. त्यांची जीप तिच्या दारापुढं लावत होते तेवढ्यात कुणी रिक्षावाल्यानं हाक मारली, तिथं लावू नका, तो विसावा आहे. मुलाच्या आईनं ते ऐकलं. घरात आली, पण पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. नंतर निरोप आला की पोरगी चांगली आहे, घराची जागा बरी नाही. मनकर्णाबाई म्हणाली, मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही सारजा, म्हणून तुझ्याशी बोलणं सोडलं. साऱ्या गल्लीत गाड्यांची जत्रा आणि माझ्या दारापुढं सुतक. वर्षाचं सुतक कुणी ऐकलं आहे का, असंही म्हणाली.

लक्ष्मी चोविशीची झाली. पुढचं स्थळही दारातूनच परत गेलं तर त्या पोरीनं काय करावं.

त्याच रविवारी गल्लीची बैठक झाली, गाड्यांच्याच तक्रारीवर. श्रीनिवासराव अध्यक्ष. ते हसत म्हणाले की वाहतूक पोलिसाला जमलं नाही ते सारजाबाईंच्या मालकांनी करून दाखवलं, एक तरी जागा मोकळी राहते, ती तशीच राहू द्या. लोक हसले. मनकर्णाबाई उठून गेली. मी बसून राहिले. खरं सांगायचं तर मलाही एक क्षण हसू आलं. ह्यांनी जन्मभर त्या गाड्या हटवायला घसा फोडला. जिवंतपणी कुणी ऐकलं नाही आणि आता न सांगता ऐकतात.

तिकडं येण्याचं आता काढू नका. हे असंच सोडून मला येता येणार नाही.

माया आटू देऊ नका.
सारजाबाई


वेरूळ
२४ ऑगस्ट १९९७

ती. गं. भा. वहिनींच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

मनकर्णाबाईच्या लेकीचं वाचून आवडाला फार वाईट वाटलं. तिनं मला गुरुजींकडं पाठवलं. ते म्हणाले, विसावा तेवढ्या वेळेपुरता, मयत उचलली की रस्ता पुन्हा रस्ता. दोष काही नाही. तरी मनाला लागत असेल तर येऊन शांत करून देतो म्हणाले. पोळा तोंडावर आहे, तो झाला की त्यांना घेऊन येतो.

पण वहिनी, माझ्या मनातलं एक बोलतो, राग मानू नका. लोक ती जागा सोडतात हे ऐकून मला बरं वाटलं. त्या दिवशी माझ्या भावाला त्यांनी वाट दिली नाही. मेलेल्या माणसावर हॉर्न वाजवले. आता रोज सकाळी वळसा घालून जातात तर जाऊ द्या. जिथं दादा टेकले तिथं चाकं फिरावीत हे मला सोसणार नाही. पोरीसाठी दुसरा मार्ग काढू. मी इकडून स्थळ बघतो, आपल्या ओळखीतलं, असल्या गोष्टी न मानणारं.

असल्या गोष्टी न मानणारं म्हणालो, आणि मीच मानतो आहे. आवडानं हे वाक्य वाचून दाखवायला लावलं आणि मला चांगलं सुनावलं. तुमच्या दोघींपुढं माझं काही चालत नाही.

थोरपणानं सांभाळून घ्यावं.
आपला,
आप्पासाहेब


सिडको, औरंगाबाद
१४ सप्टेंबर १९९७

चि. आप्पासाहेब भावजींना,
आशीर्वाद. वि. वि.

गुरुजींना आणू नका. त्या जागी पूजा मांडली तर उरलेल्यांचीही खात्री पटेल की तिथं काहीतरी आहे.

मी वेगळं करून पाहिलं. या आठवड्यात रोज सकाळी शाळेच्या वेळेला जाऊन त्या जागेवर उभी राहिले. आपल्या फाटकापुढं गाड्या लावू नका म्हणून ज्यांना विनवलं, त्यांनाच म्हणाले, इथं लावा, जागा आहे. कुणी लावली नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. भांडत नाहीत, हात जोडतात. एक स्कूटरवाली बाई म्हणाली, नको काकू, लेकराची चाचणी आहे, उगाच कशाला. सांडू रिक्षावाला, ज्यानं त्या पाहुण्यांना हाक मारली होती तोच, कान पकडून म्हणाला, मौशी, गाडी घेऊन जा म्हणाल तर देतो, पण तिथं उभी करायला सांगू नका. श्रीनिवासरावांनी गॅलरीतून बघितलं आणि आत गेले. मनकर्णाबाई खिडकीत होती. तिनं या वेळी खिडकी लावली नाही.

आज आमच्या गल्लीतल्या एका बाईनं मला सरळ सांगितलं. म्हणाली, तुम्ही त्यांच्या मंडळी, तुम्ही उभ्या राहिलात तर लोकांना वाटतं, तुम्ही त्यांच्या जागेवर बसायला आलात. तुम्हाला बघून तर आणखी कुणी लावणार नाही. मग मला कळलं की हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.

भावजी, ह्यांना तिथं तुम्ही टेकवलं. ज्यांनी बघितलं त्यांनी तुम्हालाच मडकं धरलेलं बघितलं. तुम्ही यावं, तुमची जीप घेऊन. सून आणि नात बरोबर असावी. शाळा भरायच्या वेळेला जीप त्या जागेवर लावा, नातीला खाली उतरवा आणि मनकर्णाबाईच्या घरात जाऊन पाणी प्या. बाकी काही बोलू नका. सख्खा भाऊ जिथं गाडी लावतो तिथं इतरांना भ्यायचं कारण उरत नाही.

चाकं फिरावीत हे सोसणार नाही असं तुम्ही लिहिलं. मलाही सोसणार नाही. पण तुमचे दादा लक्ष्मीला लहानपणी खांद्यावर घेऊन गुलमंडीचा बाजार फिरवून आणायचे. त्यांच्यामुळं ती घरात बसून राहिली हे त्यांना आवडलं असतं का, तुम्हीच सांगा. हे वाचून राग आला तर आधी आवडाला वाचून दाखवा, मग रागवा.

नाही म्हणालात तरी जीव कमी करणार नाही.
सारजाबाई


सिडको, औरंगाबाद
९ ऑक्टोबर १९९७

चि. आप्पासाहेब भावजींना,
आशीर्वाद. वि. वि.

तुम्ही सुखरूप पोहोचल्याचं कळलं. तुम्ही आलात तेव्हा मी बाहेर आले नाही, ते मुद्दामच. पण पडद्याआडून सगळं बघितलं. कोपऱ्यावर येऊन तुमची जीप थांबली आणि पुढं येईना. मागं हॉर्न सुरू झाले. तुमचं डोकं स्टीअरिंगवर टेकलेलं मला दिसलं. सूनबाई तुमच्याकडं बघत नव्हती, समोर बघत होती, शहाणी आहे. मग तुम्ही गाडी घेतली आणि अगदी मधोमध लावली. उतरलात तेव्हा चपला काढून हातात घेतल्या. त्या तेवढ्या घालून उतरला असतात तर बरं झालं असतं, पण मी तुम्हाला बोलणार नाही. मनकर्णाबाईनं तुम्हाला पाणी दिलं, वर शिरा खाल्ल्याशिवाय सोडलं नाही हे लक्ष्मीनं येऊन सांगितलं.

तुम्ही गेल्यावरचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी जागा रिकामीच होती. मला वाटलं, फुकट गेलं. घंटा व्हायला आली तशी एक लुना तिथं थांबली, कुणी नवीन मास्तर होता, त्याला काही माहीत नव्हतं. त्याला कुणी हटकलं नाही. त्याच्या मागून सांडूनं रिक्षा लावली. आधी अर्धी लावली, खाली उतरून बघितलं, मग पुरती लावली. त्यानंतर गर्दीनं गर्दी ओढली. आता ती जागा सगळ्यात आधी भरते.

पैठणकडून लक्ष्मीसाठी विचारणा आली आहे. दिवाळीनंतर बघायला येतील. जमेल न जमेल, पण दारात तरी गाडी लावतील.

आज सकाळी मनकर्णाबाई एका स्कूटरवाल्यावर ओरडत होती. फाटकाला चिकटून लावली होती त्यानं. बाप मेला का तुझा इथं ठेवायला, असं काहीतरी म्हणाली आणि एकदम गप्प झाली. मग माझ्या दाराकडं बघितलं. मी भाजी घेऊन उभी होते. तिला म्हणाले, बोल, बोल, चांगलं सुनाव त्याला, हे असते तर ह्यांनी सोडलं नसतं. तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. दुपारी ताकाला आली होती.

मी नंतर कोपऱ्यावर जाऊन उभी राहिले. शाळा भरली होती, गाड्या गेल्या होत्या. रस्त्यावर तेलाचे डाग, कुणाचं तरी खोडरबर, चाकांच्या रेघा. ते नेमके कुठं टेकले होते ते मला कुणी दाखवलं नव्हतं, आणि आता तुम्हालाही दाखवता यायचं नाही. थोडा वेळ उभी राहिले. मग एक टेंपोवाला हॉर्न वाजवायला लागला, म्हणून बाजूला झाले.

मला विसरू नका, आणि पूर्वेच्या खोलीत ज्वारी भरून ठेवा. मी इथंच आहे.
तुमची वहिनी,
सारजाबाई