कानबाईचे रोट आणि शटरचं सील

२८ जुलै, सोमवार
देविदासभाऊंनी सकाळीच भोजनालयवाल्यांच्या ग्रुपवर नवी पुडी सोडली. 'सगळ्या भोजनालयांना रसोड्यात कॅमेरा सक्तीचा. नाहीतर परवाना रद्द.' खाली जोडलेले हात आणि लाल दिवे. कडोदऱ्याला इतकी वर्षं भोजनालय चालवतो हा माणूस, पण एक परिपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचलेलं नाही. दुपारपर्यंत अर्धे खान्देशी भोजनालयवाले कॅमेऱ्याचे भाव विचारत होते.

अन्न-तपासणीच्या कार्यालयातून मूळ कागद मागवला. गुजरातीत आहे. कॅमेऱ्याचं नावही नाही. पावसाळ्याची तपासणी मोहीम, बस. शिजवलेल्या अन्नावर तारीख-वेळ हवी. विक्रीचं नसलेलं अन्न वेगळं ठेवा, तसं त्यावर लिहा. 'आत येऊ नये' ही रसोड्याच्या दारावरची पाटी काढा. मराठी करून ग्रुपवर टाकलं. शेवटी माझी भर: ज्या भांड्यावर तारीख नाही ते अन्न फेकून द्या, वाद घालत बसू नका.

दे. भाऊ: 'धन्यवाद वहिनी.' कॅमेऱ्याचा मेसेज मात्र काढला नाही.

३० जुलै, बुधवार
सगळ्या पातेल्यांना, डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. अक्का बघत होत्या. परवान्यावर नाव माझं, कारण मी बी. ए. गिऱ्हाईक येतं ते मात्र अक्कांच्या हातच्या शेवभाजीसाठी. मोठ्या जाऊबाई. घरात मी त्यांच्यापुढे बोलत नाही. रसोड्यात बोलावं लागतं.

शेवटची चिठ्ठी लावून झाली तशा कपाळाला बोट लावून म्हणाल्या, "मना कपायले बी लाव एक. मी बी जुनी शे."

जेवायला बसलेले लूमवरचे कामगार खो खो हसले. मला हसू आलं नाही.

१ ऑगस्ट, शुक्रवार
रविवारी कानबाई, आमची कुळदेवी. अक्कांनी परस्पर ठरवलं की यंदा बसवायची खाली, हॉटेलात. वरच्या खोल्यांत पलसाण्याचे आणि इच्छापोरचे भाऊबंद मावत नाहीत, शिवाय छत गळतंय. मी म्हटलं, हॉटेल ते हॉटेल, घर ते घर. परवान्याच्या जागेत घरचा कुळाचार नको.

हे गल्ल्यावरून म्हणाले, "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. अक्का म्हणतेय ना."

लग्न झाल्यापासून प्रत्येक गोष्टीला यांचं हेच उत्तर. अक्का म्हणतेय ना.

३ ऑगस्ट, रविवार
कानबाई बसली. हॉटेल काल संध्याकाळपासून बंद. टेबलं भिंतीला रचली, जिथे थाळ्या लागतात तिथे चौरंग. घरातल्या एकेकाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून दळलेले. त्याच पिठाचे जाड रोट, पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. अक्कांचा आवाज अजून खणखणीत आहे. गाणी सुरू झाली की वय विसरतात. पोरांना यातलं एक गाणं येत नाही, ती आपसात गुजरातीत बोलतात आणि डीजे मागतात.

पावसाने घात केला. हायवेवर पाणी, पलसाण्याचं कुणीच पोचलं नाही. टोपलीभर रोट उरले.

आता ते भाऊबंदांबाहेर द्यायचे नाहीत. टाकायचेही नाहीत. पौर्णिमेच्या आत घरानेच संपवायचे. पौर्णिमा शनिवारी.

४ ऑगस्ट, सोमवार
सकाळी कानबाई तापीवर बोळवली. परत येऊन फरशी धुतली, टेबलं लावली, दुपारच्या थाळ्या सुरू.

रोटांची टोपली रसोड्याच्या फळीवरच. वर न्या म्हटलं. अक्का म्हणाल्या, वर पाणी टपकतंय, कानबाईचा रोट भिजवू? ठीक. मी फडकं बांधून चिठ्ठी लावली: 'घरचं. विक्रीसाठी नाही. ३ ऑगस्ट.'

अक्का काही बोलल्या नाहीत. तेव्हाच संशय यायला हवा होता.

५ ऑगस्ट, मंगळवार
 

जेवणाच्या ऐन गर्दीत तपासणी आली. निरीक्षक साहेब आणि बरोबर दोघे. फ्रीज उघडला, चिठ्ठ्या वाचल्या. "सरस, बेन. बद्धे तारीख छे." मी ताठ उभी. इतक्या दिवसांचं चीज झालं, वाटलं.

मग फळीकडे हात केला. "आ शुं छे?"

टोपली, फडकं. चिठ्ठी नाही.

मी अक्कांकडे पाहिलं. अक्का चुलीकडे पाहत होत्या.

साहेबांनी फडकं सोडलं, एक रोट बोटाने दाबून पाहिला. म्हणाले, वासी. अक्का डाव हातात घेऊनच आल्या. "हात काढ!" टोपली उचलली, मांडीवर घेतली आणि तिथेच, ओल्या फरशीवर, बैठक मारली. साहेब हिंदीत समजावायला लागले, "माताजी, बासी खाना है."

"बासी तुना घर ऱ्हाई!"

बाहेर बसलेली माणसं घास हातात धरून उभी राहिली. दोघांतला एक टोपली ओढायला वाकला, अक्कांनी डाव उगारला. झालं. अडथळा आणला म्हणून कागदावर चढलं. तारीख नसलेलं शिळं अन्न, तेही चढलं. मी सांगत होते, घरचं आहे, देवाचं आहे, चिठ्ठी लावली होती. साहेब रिकाम्या फळीकडे बोट करून: "तो क्यां छे?"

शेवटी हे पुढे आले. म्हणाले, "अक्का, ऊठ." आयुष्यात पहिल्यांदा. अक्का उठल्या. टोपली स्वतःच्या हाताने परत फळीवर ठेवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गिऱ्हाइकं बाहेर, आम्ही बाहेर, शटर खाली, सील. रोट आत.

वर आल्यावर विचारलं, चिठ्ठी कुठे गेली?

"चुलामा."

का?

"देवना रोटवर 'विक्रीसाठी नाही' लिखतस का? विकाले काढेल व्हता का कोन्ही?"

 मग मी नको ते बोलले. इथे लिहीत नाही.

६ ऑगस्ट, बुधवार
शटरचा फोटो ग्रुपवर आला. टाकणारे दे. भाऊ, दुसरं कोण. 'डिंडोलीच्या आपल्या वहिनींच्या भोजनालयात शिळं अन्न सापडलं, सर्वांनी सावध राहावे.' सावध! आजवर नियम मी वाचून दाखवले. आज मीच बातमी.

दुपारी पुढचा मेसेज: 'भोजनालयात देव बसवण्यास बंदी, नवीन नियम.' लोकांनी गल्ल्यावरच्या तसबिरी उतरवायला सुरुवात केली. एकाने देव्हारा मोटरसायकलवर घरी नेल्याचा फोटो टाकला. मी लिहिलं, असा कुठलाही नियम नाही, तसबिरी जागच्या जागी ठेवा. एकजण: 'ताई, तुमचंच शटर बंद आहे, तुम्ही आता नियम नका सांगू.'

त्याखाली अंगठेच अंगठे.

अक्का कालपासून जेवलेल्या नाहीत. रोट संपल्याशिवाय दुसरं अन्न तोंडात घालणार नाहीत म्हणे. फक्त चहा. हा कुठला नियम, विचारलं. म्हणाल्या, "मना."

७ ऑगस्ट, गुरुवार
कार्यालयात गेले. साहेब वाईट माणूस नाही, त्याचाच जास्त राग येतो. वाईट असता तर भांडता आलं असतं.

दोन वाटा सांगितल्या. पहिली: त्यांच्याकडे कबुली टाइप केलेली तयार आहे. 'शिळं अन्न विक्रीसाठी साठवलं होतं, चूक मान्य.' मी सही करायची, दंड भरायचा. उद्या सकाळी त्यांची माणसं येणार, अन्नावर फिनाइल ओतून कचऱ्याच्या गाडीत टाकणार, दुपारच्या थाळीला शटर उघडं. दुसरी: माझं म्हणणं मी माझ्या शब्दांत लिहून द्यायचं. मग वरच्या साहेबांपुढे सुनावणी. कधी? "तारीख आवशे, बेन." तोवर सील.

घरी येऊन सांगितलं. हे म्हणाले, "लिहून दे नि मोकळी हो. इच्छापोरची आपल्या डब्यावर जेवणारी पोरं दुसरीकडे जायला लागली. आज पलसाण्याच्या पोरांचाही फोन." खरं आहे. आठवडाभर डबा चुकला तर ती पोरं परत येत नाहीत. त्यांना तरी काय, पोट आहे.

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. फिनाइलचं ऐकून डोळे मिटले. मग म्हणाल्या, अगदी हळू, "तू सही करी उनी ते मी तुना रसोडामा पाय नही ठेवू."

त्या ओरडल्या असत्या तर मी सही करून आले असते.

म्हणजे शटर उघडायचं तर रोट कचऱ्यात आणि अक्का घरात. अक्कांशिवाय उघडून विकू काय? माझं बी. ए.?

आणि हे सगळं कुणामुळे? अक्कांमुळेच. एक चिठ्ठी राहू दिली असती तर!

८ ऑगस्ट, शुक्रवार
सकाळी दे. भाऊंचा फोन. "वहिनी, सही करून टाका. ग्रुपचं नाव खराब होतंय."

म्हटलं, ग्रुपचं नाव तुम्ही कॅमेऱ्याचे मेसेज टाकून चांगलं करा. फोन ठेवला.

मी देवभोळी नाही. कानबाईपुढे मी नाचत नाही. पण 'विक्रीसाठी साठवलं' हे खोटं आहे. मी गिऱ्हाइकाला शिळं वाढलेलं नाही, आणि न केलेल्या गोष्टीखाली सही करणार नाही. कार्यालयात गेले, कबुलीचा कागद बाजूला सारला, गुजरातीत हाताने लिहिलं: अन्न घरचं, कुळाचाराचं, विक्रीसाठी नव्हतं. उद्या पौर्णिमा, त्याआधी ते आम्हाला परत द्यावं.

साहेबांनी वाचलं. म्हणाले, वासी ते वासी.

म्हटलं, "साहेब, पुढच्या शुक्रवारी शीतळा सातम. तुमच्या घरी चूल पेटणार?"

 बाजूच्या टेबलावरचा कारकून हसला.

"आदल्या दिवशी रांधून ठेवाल. दुसऱ्या दिवशी सगळं घर गार खाईल. आई देवापुढे ठेवून खाईल. त्याला वासी म्हणाल का?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. रागावले नाहीत. म्हणाले, "पण बेन, ए अमे घरे राखीए. होटलमां नहीं."

 पहिल्या तारखेला मीच घरात हे बोलले होते. माझंच वाक्य, त्यांच्या तोंडून. खुर्चीवर बसून राहिले, संतापाने कान गरम. संताप कुणावर, ते कळेना.

शेवटी साहेब म्हणाले, घरचं अन्न म्हणून पंचनामा करून परत देतो. सील परत लागेल. सुनावणी होईलच. माताजींनी अडथळा आणला तेही कागदावर राहील. कबूल? कबूल.

संध्याकाळी साहेब आले, सील काढलं. शटर वर केलं. आतून बंद जागेचा आंबूस वास. अक्का एकट्याच रसोड्यात गेल्या. साहेब उंबऱ्याबाहेर थांबून लिहीत होते. "केटला छे?"

अक्का टोपली घेऊन त्यांच्यासमोरून निघाल्या. "मोजतस नही ते."

साहेबांनी काहीतरी आकडा लिहिला. सील लागलं. दे. भाऊंच्या एका पंटरने समोरच्या पानाच्या गादीवरून फोटो काढला. काढू दे.

९ ऑगस्ट, शनिवार
पौर्णिमा. बाहेर राखीची गडबड.

रोटांना बुरशी आलीय. सगळ्यांना नाही, कडेने हिरवट. मी म्हटलं, अक्का, हे पोटात जायला नको. अक्कांनी सुरी घेतली, हिरवं तेवढं कापून वेगळं ठेवलं, ते संध्याकाळी पाण्यात सोडायचं म्हणाल्या. उरलेलं कुस्करून ताकात घातलं. इच्छापोरहून दोघे भाऊबंद आले होते. हे, मी, सगळ्यांपुढे वाटी.

आंबट. कडसर. असलं काही हॉटेलात कुणी खाताना दिसलं असतं तर मी हातातून काढून घेतलं असतं. अक्का माझ्याकडे बघत नव्हत्या, पण घासही घेत नव्हत्या. मी पहिला घास घेतला तेव्हा त्यांनी घेतला.

टोपली रिकामी झाली. अक्कांनी चार दिवसांनी पोटभर खाल्लं, हात धुतले, पदराला पुसले, आणि जणू काहीच झालं नाही अशा डाळीचा डबा पुढे ओढून विचारतात, "सोमवारले दाय कितली भिजाडू?"

"सील आहे, अक्का."

"वर भिजाडसू. वर रांधसू. पोऱ्यासले डबा ते देना पडी."

म्हटलं, परवाना खालच्या पत्त्याचा आहे. वर शिजवून विकलं तर तो गेलाच. या वेळी ते खरंच बेकायदा असेल.

अक्कांनी डबा परत मागे सारला. माझा शब्द मानला, असं पहिल्यांदाच.

"मंग खाले कवय उघडी?"

इच्छापोरचे दोघे वाटी हातात धरून माझ्याकडे बघायला लागले. हेसुद्धा. एरवी नियम विचारतात तसंच. तारीख येईल, म्हटलं. कधी, ते कागदावर नाही.