येताना पाच तास

१२ ऑक्टोबर
गेला एकदाचा! दीर दुबईहून चार दिवसांसाठी आला, त्यातले दोन दिवस आदिलाबादला मित्रांत. तरी सासूबाई अजून दारातच. केर काढू देत नाहीत. "माह्या देवानंदचा पोचल्याचा फोन येऊ दे, मंग झाडू लाव." त्याच्या शंकरपाळ्यांचं तेल फरशीवर सांडलंय, तेही पुसायचं नाही!

तिकिटावर हैदराबादहून दहाला निघून सव्वाबाराला पोचतो. येताना मात्र दहाला निघून तीनला. म्हणून सासूबाई गावभर सांगतात, "जानं सोपं हाय. येनं लांब पडते पोराले." तिथलं घड्याळ मागं असतं, हे मला केव्हाचं माहीत आहे. सांगत नाही. राहू दे त्याच समजुतीत.

१३ ऑक्टोबर
फोन नाही, केर तसाच. सकाळी सासूबाई त्याच तेलावरून घसरल्या. खुबा मोडला. दवाखान्यातून आमच्या यांनी भावाला फोन लावला, तर साहेब म्हणतात, "अरे, सांगाचं विसरूनच गेलतो!" मी हसले. सगळ्यांसमोर.

१७ ऑक्टोबर
डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन लवकर करा, नाहीतर या परत उठायच्या नाहीत. सासूबाईंचं एकच — "देवानंद आल्याबिगर हात लावू देत नाही." आईपुढे बोलायची यांची छाती नाही. भांडं मी द्यायचं, कूस मी बदलून द्यायची. वर ऐकायचंही मीच. "तुले ना लेकरू ना बाळ. पोरगं दूर असलं की काय होते, तुले काय समजते?"

१९ ऑक्टोबर
फोन आला. मोबाइल मीच त्यांच्या कानाशी धरला होता. "माय, यायचं तं लई मनात हाय. पन येनं लांब पडते ना —" तिचंच वाक्य तिला परत केलं मेल्यानं! आणि ही म्हणते, "हो रे बाप्पा, नोको करू धावपळ." ऑपरेशनला मात्र अजून नाहीच.

२३ ऑक्टोबर
पडून पडून पाठीला जखम झाली. वास येतो.

२५ ऑक्टोबर
आज सांगून टाकलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणत होत्या, "सून वांझ हाय, तिले माया कुठची!" मी त्यांची वेणी घालत होते. तशीच थांबले.

"आत्याबाई, जातानी लागते तितकाच टाइम येतानी लागते. तिथलं घड्याळ दीड तास मांगं हाय, बस! आपल्या गावाहून हैदराबादले जायले याहून जास्त वेळ लागते. तुमच्या पोराले यायचंच नाही."

शेजारच्या खाटेला ऐकू जाईल अशा आवाजात बोलले. बरं वाटलं — खोटं कशाला लिहू? त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. अर्धी वेणी तशीच राहिली.

संध्याकाळी स्वतःच म्हणाल्या, ऑपरेशनच्या कागदावर अंगठा घ्या.

२६ ऑक्टोबर
उशीर झाला. जखम चिघळली, ताप उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, आता ऑपरेशन नाही. घरी न्या.

२८ ऑक्टोबर
सकाळी हाक मारली. पाणी हवं असेल म्हणून गेले. पाणी नको होतं.

"इतके वर्स फोनवर बोलत आली वं मी त्याच्यासंग. तिथं किती वाजले, मले मालूम नसन का? तुले मालूम नाही, असं वाटलं व्हतं."