महाळुंग्याच्या खोलीतली बाल्कनी

महाळुंगे, चाकणजवळ
गुरुवार, सेकंड शिफ्टला निघण्याआधी

तीर्थरूप मालोजीमामांच्या चरणी भाचा गणराज याचा दंडवत. (कागदावरच घालतोय, कारण माझ्या खोलीत आडवं पडायला मोकळी जागा फक्त कॉटखाली आहे आणि तिथे सिलिंडर आहे.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा तुमच्यावरचा राग कसा आहे? दोन्ही थंडीत वाढतात असं आई म्हणते, म्हणून एकत्रच विचारून घेतो. नवी म्हैस तुम्हाला जवळ येऊ देते का, की अजून मामीलाच ओळखते? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. पुढचं वाचून काय ते तुम्हीच ठरवा.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. मामा, तुम्ही फोन स्पीकरवर टाकता आणि मग ओट्यावर बसलेली निम्मी आळी माझ्याशी बोलते. परवा तुम्ही विचारलंत, गण्या, दोन बेडरूमचा फ्लॅट घेतलास आणि सख्ख्या मामाला कळवलं नाहीस? तेव्हा मागून कुणीतरी "बाल्कनी पण हाय म्हणं" असं म्हणालेलं मी या कानांनी ऐकलं. त्या गर्दीत खरं सांगणं शक्य नव्हतं. म्हणून रेंज जातेय असं सांगून फोन ठेवला. (रेंज चांगली होती.) तर आता खुर्चीत नीट बसा आणि हे मनातल्या मनात वाचा. फ्लॅट नाही. कधीच नव्हता. मुलीच्या वडिलांनी, म्हणजे तुमच्या दौलतरावांनी, जो फ्लॅट बघितला आणि ज्याच्या स्वयंपाकघराचं त्यांनी तुमच्याजवळ अर्धा तास कौतुक केलं, तो माझ्या कॉटखाली सिलिंडरच्या शेजारी एका खोक्यात असतो.

आता मुळापासून सांगतो. आमच्या प्रेस शॉपमध्ये (जिथे मी दिवसभर गाड्यांच्या दारांचे पत्रे दाबतो) एका सुपरवायझरने व्हीआर हेडसेट आणला. हा डोळ्यांवर बांधायचा डबा असतो. घोड्याला झापडं लावतात तसंच ते दिसतं, फक्त घोड्याला त्यातून कमी दिसतं आणि आपल्याला नसलेलं दिसायला लागतं. त्याने मला कॅन्टीनमागे पाच मिनिटं लावायला दिला. मामा, मी समुद्राच्या तळाशी उभा होतो आणि एक देवमासा माझ्याकडे बघत होता. आठ तास पत्रा बघणाऱ्या माणसाकडे देवमाशाने बघितल्यावर त्याचं काय होतं ते तुम्हाला कळणार नाही. मला तो हेडसेट हवाच झाला. पण नवा घ्यायचा तर मेस बंद करून चार-सहा महिने देवमाशाकडे बघतच पोट भरावं लागलं असतं, म्हणून जुना शोधायचं ठरवलं.

तुम्ही बैल घेताना दात बघता, चालवून बघता. जुना हेडसेट घेतानाही तसंच असतं. भिंगांवर ओरखडे आहेत का, कुणी उन्हात ठेवून पडदा जाळलाय का, पट्टा ढिला झालाय का, हातात धरायच्या दोन दांड्या आपोआप एकीकडे सरकतात का, आणि ज्या कंपनीने तो बनवला तिने त्या मॉडेलची आशा सोडलीय का, हे सगळं मी आठवडाभर मोबाईलवर शिकलो. (शेवटच्या परीक्षेत स्वस्तातले सगळेच नापास होतात, तेव्हा ती परीक्षा मी रद्द केली.) शेवटी मोशीचा शेखर नावाचा मनुष्य सापडला. तो एका बिल्डरच्या ऑफिसात गिऱ्हाइकांना फ्लॅट दाखवायचा. बिल्डरने इमारत न बांधताच ऑफिस गुंडाळलं तेव्हा थकलेल्या पगाराऐवजी याच्या वाटणीला हा हेडसेट आणि एक प्लास्टिकचं झाड आलं. झाडही घेऊन जा म्हणून माझ्या फार मागे लागला होता.

मी भिंगं बघितली, पट्टा ओढून बघितला, घासाघीस केली, आणि सहा-सात वर्षांचं ते मॉडेल छातीशी धरून बसने घरी आणलं. मग एकेक गुण कळायला लागले. डोळ्यांभोवतीच्या स्पंजमध्ये, फ्लॅट घेऊ म्हणून आलेल्या अख्ख्या पिंपरी-चिंचवडच्या डोक्याचं तेल मुरलेलं होतं. दोनदा धुतला, उन्हात वाळवला, तरी लावला की अजून एखाद्या काकांनी मिठी मारल्यासारखं वाटतं. डावी दांडी आपोआप डावीकडे सरकते, त्यामुळे कुठलाही खेळ खेळलो तरी मी शेवटी डाव्या भिंतीपाशी जाऊन उभा राहतो. समुद्राचा खेळ चालतो, पण देवमासा या मॉडेलला झेपत नाही. लहान मासे येतात. मुष्टियुद्धाचा मात्र झकास चालतो. पहिल्याच दिवशी समोरच्या पैलवानाला ठोसा लगावला तो फळीवरच्या तूरडाळीच्या डब्याला लागला. घरमालकीण गवराबाई खिडकीतून बघत होत्या. "आवं, ह्ये प्वार हवेत कुनाला मारतंय?" असं ओरडून त्यांनी धावत जाऊन अंगारा आणला आणि माझ्या कपाळाला लावायला गेल्या, तो हेडसेटलाच लागला. तेव्हापासून त्या मला संध्याकाळी एकटं बसू देत नाहीत, येता-जाता भाकरी देतात. यात माझं काही नुकसान नाही.

सगळ्यात मोठा गुण राहिला. हा हेडसेट चालू केला की आधी त्या बिल्डरचा नमुना फ्लॅट उघडतो. दरवाजा आपोआप बाजूला होतो, एक बाई गोड आवाजात मोशीतल्या नव्या घरात स्वागत करते, आणि तुम्ही नवव्या मजल्यावर दोन बेडरूम, हॉल, किचनमध्ये उभे. एक बटण दाबून धरलं की त्यातून बाहेर पडून खेळांकडे जाता येतं. तो फ्लॅट पुसता येत नाही. पुसायचा प्रयत्न केला तर पूर्ण हेडसेटच रुसेल असं शेखरने बजावलं होतं, म्हणून मी त्याच्या वाटेला गेलो नाही. रोज मुष्टियुद्धाला जाताना मी त्या हॉलमधून जायचो. (खोटं कशाला सांगू, कधीकधी शिफ्टवरून दमून आलो की सोफ्यासमोर नुसता उभा राहायचो.)

आता मागच्या रविवारचं. तुमच्या एसटीतल्या दोस्तीमुळे हे स्थळ आलं, हे मी जन्मभर विसरणार नाही. विजयश्रीला मी आधी राजगुरुनगरला जाऊन भेटलोच होतो. ती निघोज्याच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर लोकांनी बनवलेले पार्ट मोजून नापास करते. तिने मला नापास केलं नाही हे मला अजून खरं वाटत नाही. पण दौलतरावांनी सांगून ठेवलं होतं की घर बघितल्याशिवाय शब्द देणार नाही. त्याप्रमाणे ते, तिची आई सुमनताई आणि विजयश्री घर बघायला आले. मामा, माझी खोली बघायला कितीसा वेळ लागणार? दारात उभं राहिलं की बघून होते. दौलतरावांनी मान डावीकडून उजवीकडे नेली, मोरी बघितली, आणि कॉटवर बसून तुमच्या तब्येतीची चौकशी सुरू केली. मुलाच्या घरी येऊन माणूस मुलाच्या मामाच्या गुडघ्याबद्दल बोलायला लागला की स्थळ गेलंच म्हणून समजायचं. विजयश्री खाली बघत होती.

काहीतरी करायचं म्हणून मी खोका काढला. त्यांना मासे दाखवावेत, जरा मन रमेल, एवढाच हेतू होता. शपथ घेऊन सांगतो. पण गडबडीत बटण दाबायचं राहिलं आणि दौलतरावांच्या डोक्याला पट्टा आवळल्यावर ते थेट नवव्या मजल्यावर पोचले. मग हळूच म्हणाले, "ह्यो फ्लॅट कुनाचा?" मी तोंड उघडलं. तेवढ्यात विजयश्रीने माझ्या पायावर पाय दिला. (चांगला जोरात दिला. अंगठा अजून निळा आहे.) मी तोंड मिटलं. एवढाच काय तो माझा गुन्हा. बाकीचं त्यांचं त्यांनीच बघितलं.

दांडीच्या बटणाने पुढे सरकायचं हे त्यांना लगेच जमलं. ते हॉलमध्ये फिरले, देवघराची दिशा विचारली, छताला हात लावायला वर उडी मारली. मग बाल्कनी दिसल्यावर बटण विसरून स्वतःच चालायला लागले आणि माझ्या खोलीच्या खऱ्या भिंतीवर कपाळ आपटलं. मी संपलोच म्हणत होतो. पण त्यांनी त्या भिंतीवर बोटांनी ठकठक केलं आणि समाधानाने सांगितलं, "बांधकाम पक्कं हाय." नंतर त्यांना सोफ्यावर बसावंसं वाटलं. तिथे सोफा नव्हता, तिथे हवा होती. मी प्लास्टिकची खुर्ची बरोबर वेळेवर त्यांच्याखाली सरकवली. (हा दुसरा गुन्हा. पण मामा, वयस्कर माणसाला पडू द्यायचं का?) मग ते स्वयंपाकघरात शिरले आणि या भागातली माणसं घर बघताना जे विचारतात तेच त्यांनी विचारलं, नळाला पाणी येतं का? सुमनताई तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. आणि विजयश्री उठली, मोरीत गेली आणि नळ पूर्ण सोडला. पाणी बादलीबाहेर वाहून जायला लागलं, तरी ती नळावर हात ठेवून माझ्याकडे बघत उभी राहिली. दौलतराव कान देऊन ऐकत होते. "धार बी चांगली हाय," म्हणाले.

हेडसेट काढल्यावर ते माझ्या खोलीकडे बघतच नव्हते. फ्लॅटचा ताबा कवा मिळतोय एवढंच विचारलं. मी "बघू आता" म्हणालो, जे अगदी खरं होतं. त्यांनी जाता जाता गवराबाईंनाही सांगितलं की खोली काय, तात्पुरती आहे. आणि राजगुरुनगरला पोचेपर्यंत त्यांनी तुम्हाला, तुमच्या आळीला आणि बहुतेक सगळ्या पाहुण्यांना फोन केले होते.

मामा, त्या दिवसापासून माझी झोप उडाली आहे. मला विजयश्री फार आवडली आहे. हे आईलाही असं सरळ सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतोय. तिने नळ सोडला तेव्हा मला वाटलं की ही बरोबर असेल तर या खोलीतही कमी पडणार नाही. पण सासरा नवव्या मजल्यावर आणि आपण तळमजल्यावर, असा संसार किती दिवस चालणार? एक दिवस ते ताबा बघायला येतील आणि तिथे उघडा माळ असेल. म्हणून हात जोडून एकच मागणं आहे. दौलतराव तुमचा शब्द मानतात. तुम्ही त्यांना खरं काय ते सांगा. ते चिडले, स्थळ मोडलं, तरी मी तुम्हाला बोल लावणार नाही. हेडसेट विकून टाकीन. मुष्टियुद्ध तर आता नशिबाशीच चाललंय, त्याला हेडसेट लागत नाही. मामीला नमस्कार, म्हशीला चारा.

तुमचा घाबरलेला भाचा,
गणराज

ता.क. हे पाकीट टाकायचं राहिलं आणि आज कंपनीच्या गेटवर दौलतराव स्वतः उभे. मला वाटलं सगळं संपलं. त्यांनी मला चहाच्या टपरीवर नेलं, वडा-चहा सांगितला, बशीत चहा ओतला आणि म्हणाले, "म्या सारी नोकरी यष्टीत तिकिटं तपासण्यात घालवली. इनातिकीट माणूस मला पाठमोरा बी वळखू येतो. मोशीला जाऊन आलो. तिथं म्हशी चरत्यात." मी कप खाली ठेवला. ते पुढे म्हणाले, "आमची पोर दात घासताना बी नळ बंद करती. भाजी धुतलेलं पानी झाडाला घालती. तिनं तुझ्या मोरीत बादलीभर पानी वाहून जाऊ दिलं. मंग म्या आजून काय तपासायचं?" मामा, मला रडू आलं. चहावाल्याला वाटलं मिरचीचा वडा तिखट लागला. लग्न ठरलंय. वरचा कागद फाडणार होतो, पण एवढं लिहिलेलं वाया कशाला घालवायचं, म्हणून तसाच पाठवतो. त्यातलं शेवटचं मागणं रद्द समजावं.

ता.क. दुसरा. त्याऐवजी नवं मागणं आहे. दौलतरावांनी चहा संपल्यावर डोकं खाजवत सांगितलं की त्यांचे साडू अण्णासाहेब यांच्या जावयाचा वाकडला सातव्या मजल्यावर फ्लॅट आहे, ते वर्षानुवर्षं त्याचंच पुराण लावतात, आणि आपण नववा मजला सांगून बसलो आहोत. तेव्हा, "एकदा अण्णासाहेबाला आत फिरवून आन. पुढच्या वर्साला सांगू बिल्डर पळाला म्हनून. कोन इचारतंय?" अण्णासाहेब येत्या रविवारी येत आहेत. खुर्चीला मी आहे, नळाला विजयश्री. स्वयंपाकघरात शिरले की सुमनताई कॉटमागे बसून मोहरीची फोडणी देणार आहेत, ही त्यांचीच कल्पना. दौलतराव म्हणतात, त्या दिवशी सगळं होतं, फक्त बाल्कनीत वारा नव्हता. तर मामा, शनिवारच्या गाडीने तुमचा तो टेबल फॅन घेऊन निघाच. तुम्हाला दाराआड बसायला गवराबाई पाट देणार आहेत. मात्र खोकला आला तर दाबून धरा, नवव्या मजल्याच्या बाल्कनीबाहेर माणूस खोकत नाही.