उंचीप्रमाणे सात माजी प्राध्यापक

३ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
इतिहास विभागाच्या कॉरिडॉरमध्ये शिडीवर उभा होतो, दिवंगत माजी प्राध्यापकांच्या तसबिरी पुसत. तिथेच लिहिणार होतो, पण पेन खाली टेबलावर. उतरून लिहितो आहे.

बारा तारखेला स्मृती व्याख्यान. दरवर्षी एका माजी प्राध्यापकाच्या स्मरणार्थ असते. यंदा तहवाले सर. जन्मभर एकाच तहावर लिहिले, म्हणून विद्यार्थ्यांनी ठेवलेले नाव. सगळी तयारी माझ्याकडे. मी हंगामी कारकून, बारावी नापास, पण शुद्धलेखन निर्दोष. कार्यक्रम नीट पार पडला तर कायम करण्याची शिफारस करतो, असे विभागप्रमुख म्हणाले. म्हणजे झालेच. आईला कळवूनही टाकले.

दुपारी १
सातही तसबिरी परत लावल्या. पूर्वी लहानमोठ्या कशाही होत्या. मी उंचीप्रमाणे लावल्या, डावीकडून लहान. खाली भिंतीला स्क्रूने बसवलेल्या नावांच्या पितळी पाट्या चकचकीत केल्या. त्या हलवाव्या लागल्या नाहीत.

५ फेब्रुवारी
बॅनरवाल्याने विचारले, यातले तहवाले सर कोणते? मी पाटी वाचून दाखवले. त्याने फोटो घेतला. काम पाच मिनिटांत. तयारी असली की असे होते.

८ फेब्रुवारी
बॅनर लागला. आठ फूट. ग्रंथपाल बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "अरे, सरांना मिशा कधी होत्या?" मी म्हणालो, तरुणपणी असतील. ते म्हणाले, "तरुणपणी मिशा, आणि टक्कलही तरुणपणीच?" त्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन व्हायचे आहे. मनावर घेतले नाही.

९ फेब्रुवारी
डबा तसाच परत नेला. पाट्या भिंतीला, तसबिरी खिळ्यांना. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे काल बसमध्ये लक्षात आले. आधीचा क्रम लिहून ठेवलेला नाही. विभागप्रमुखांना सांगावे का? ते येऊन चारच वर्षे झाली, त्यांनाही माहीत नसणार. उगीच डोक्याला ताप. शिवाय सातांतला एक, म्हणजे बरोबर असण्याचीही शक्यता आहेच. निश्चय: उद्या सांगायचे.

१० फेब्रुवारी
सर मीटिंगमध्ये.

११ फेब्रुवारी
सर मोकळे होते. पण खुशीत होते. मोडवेना.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.४०
सभागृह भरले. पहिल्या रांगेत तहवाले सरांच्या पत्नी, वय चौऱ्याऐंशी. बॅनर पाहून त्यांनी मला जवळ बोलावले. "बाळ, हा जकातवाला इथे काय करतोय?"

जकातवाले सर म्हणजे जकातीवर लिहिणारे. तहवाल्यांचा तह बनावट आहे, असे त्यांनी पुस्तक काढून सिद्ध केले होते. सव्वीस वर्षे दोघे एकाच खोलीत बसले, मध्ये कपाट घालून.

विभागप्रमुख धावत आले. म्हणाले, फोटोचा अँगल जरा वेगळा आहे, बाई. बाई म्हणाल्या, "एकोणचाळीस वर्षं ह्यांच्या तोंडासमोर बसून जेवले मी. अँगल मला शिकवू नका." तोवर वक्त्यांनी सुरुवात केली होती: सरांचे हे करारी डोळे...

बाई उठल्या. मी काठी दिली. दारात म्हणाल्या, "मेल्यावर तरी ह्यांना ह्यांचं स्वतःचं तोंड मिळेल, असं वाटलं होतं."

व्याख्यान वेळेवर संपले. माइक एकदाही खरखरला नाही.

१४ फेब्रुवारी
बाई स्वतः आल्या. खुर्चीवर बसून एकेक तसबीर ओळखून दिली. "हा चहाचे पैसे कधी द्यायचा नाही. हा बरा होता, बायकोला टरकायचा." यजमानांच्या तसबिरीपाशी उठल्या. रुमालाने काच पुसली. मी आधीच पुसलेली होती.

पाच जण जुळले. उरलेले दोघे बाईंच्याही आधीच्या काळातले. कोण कोणता, हे सांगणारे आता कुणी हयात नाही. बाई म्हणाल्या, "अंदाजाने लावू नकोस हं." दोघे माझ्या टेबलावर आहेत.

१५ फेब्रुवारी
विभागप्रमुखांनी एक पत्र टाइप करायला दिले. शिफारसच असणार म्हणून हात धुऊन बसलो. माझी हंगामी सेवा महिनाअखेर संपवण्याचा आदेश निघाला. विभागात टाइप करणारे दुसरे कुणी नाही. दोनदा तपासला. एकही चूक नाही. सरांनी न वाचता सही केली. इतका विश्वास ते दुसऱ्या कुणावर टाकत नाहीत.

आईचा फोन आला होता. उचलला नाही.